मुरमाची वाट आणि उन्हाळ्याची सुट्टी

मुलांना जाड टायरची सायकल देऊन मातीच्या, खडीच्या आणि डोंगराच्या वाटेवर चालवायला शिकवणारी उन्हाळी शिबिरे ही अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या माउंटन बाइकिंगसाठी देशपातळीवरची संघटना २००९ मध्ये उभी राहिली. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन हिमाचलातल्या जलोरी खिंडीच्या परिसरात सायकल मोहिमा नेते आणि इकडची मुले उन्हाळ्यात रेल्वेने तिकडे जातात. अशा शिबिराचे ठिकाण म्हणून गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले नवेगाव बांध सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. खरे तर तिथे मुरमाचे रस्ते आहेत, टेकड्या आहेत, जंगल आहे, विस्तीर्ण तलाव आहे. मग उणीव कशाची? नेहमीचे उत्तर असे की भाग मागास आहे, सायकलिंगची आवड तिथे रुजलेली नाही, ती शहरातून न्यावी लागेल. इतिहासाशी ताडून पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. कच्च्या वाटेवर सायकल चालवण्याचे कसब पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. रस्ताही तिथल्याच माणसांनी केला आहे. नव्हता तो मोकळा उन्हाळा. शिबिर ज्या सुट्टीतून जन्माला आले, ती सुट्टी नवेगावच्या मुलांच्या वाट्याला कधी पुरती आली नाही, आणि म्हणून त्यांच्या कसबाला खेळाचे नाव मिळाले नाही.

आधी रस्त्याचे पाहू, कारण ग्रॅव्हल बाइकिंगचा, म्हणजे खडी-मुरमावरच्या सायकलिंगचा, सगळा डोलारा रस्त्यावर उभा आहे. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. गावाने त्यांना कोलासूर देव म्हणून पूजेत बसवले आणि तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी हे नाव दिले. टेकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने बंद करून पाणी अडवले गेले. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरकारांनी या तलावाचे क्षेत्र ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल नोंदवला आहे. गोंड राजांनी कोहळ्यांना तलाव बांधण्यासाठी जमिनी आणि सवलती दिल्या. त्यातून जुन्या भंडारा जिल्ह्यात लहानमोठे हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. तलाव म्हटले की आपल्याला पाणी दिसते. पण तलाव बांधणे म्हणजे मातीचा उंच, लांब, दाबून घट्ट केलेला बांध घालणे, आणि तो बांध आयता रस्ता होतो. पाळ टिकवायची तर दर पावसाळ्याआधी तिच्यावरून फिरावे लागते, खचल्या जागी भर टाकावी लागते, तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारापाशी, माणूस जावा लागतो. भर घालायला गाडी लागते आणि गाडीला वाट लागते. पाळीवरची वाट पाळीइतकीच जुनी असणार. नवेगावातला सगळ्यात जुना ग्रॅव्हल ट्रॅक शोधायचा असेल तर तो पाण्याच्या कडेला शोधावा.

पाळीखालून पांदण सुरू होते. गावातून बांध्यांकडे जाणारी, दोन्ही बाजूंना धुरे असलेली, गाडीच्या चाकोऱ्या पडलेली ही वाट पूर्व विदर्भातल्या प्रत्येक गावाला आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल, हिवाळ्यात वाळून टणक झालेल्या खाचा, उन्हाळ्यात फुफाटा. मालगुजारी होती तोवर तलाव आणि पांदण या दोहोंची देखभाल मालगुजार आणि रयत यांच्यातल्या रिवाजाने चाले. मध्य प्रदेश सरकारचा १९५० चा कायदा आला, १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले आणि रिवाजाची जागा खात्याने घेतली. जंगलातल्या रस्त्यांची कहाणी वेगळी आहे. लाकूड ओढण्यासाठी गाडीवाटा पडल्या आणि गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या रेल्वेने ते लाकूड बाहेर नेले. नवेगावला जवळचे देऊळगाव स्टेशन याच मार्गावरचे. वणव्याला अडवण्यासाठी वनखाते जाळरेषा काढत आले आहे: उन्हाळा तापण्याआधी जंगलातून एक पट्टा साफ करायचा, त्यातले गवत मुद्दाम जाळायचे, म्हणजे आग आली तरी तिथे थांबते. वर्षाचा उरलेला काळ वनरक्षक त्या पट्ट्यावरून फिरतात. आणि मग आली रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या आणि १९७७ मध्ये कायदा झालेल्या या योजनेने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना उन्हाळ्यात काम दिले. ते काम बहुतेक वेळा दोन प्रकारचे असे, तलावातला गाळ काढणे आणि रस्त्यावर मुरूम पसरणे. सायकलस्वार आज ज्या लाल, खरखरीत, चाकाखाली कुरकुरणाऱ्या पृष्ठभागासाठी लांबून येतात, तो गावातल्या बायका-पुरुषांनी एप्रिल-मेच्या उन्हात टोपल्यांनी वाहून घातलेला आहे. ही गोष्ट या लेखाच्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. ज्या महिन्यांत शहरातली मुले शिबिराला जातात, त्याच महिन्यांत इथला रस्ता तयार होत होता.

या रस्त्यावर जी सायकल आली तिच्याकडे नीट पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर सोनीपतची ॲटलास १९५१ मध्ये आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्ये सुरू झाली, आणि काळी, उंच, दांड्याच्या ब्रेकची सायकल हळूहळू खेड्यांत पोचली. मास्तर, पोस्टमन, बिडीपत्त्याचे मुन्शी, वनरक्षक यांच्याकडे ती आधी आली. नंतर धान दळायला नेणारे, तलावातली मासळी कॅरिअरवरच्या टोपलीत बांधून बाजाराला नेणारे ढिवर, दूधवाले यांच्याकडे. ही सायकल जुनाट म्हणून आता हिणवली जाते. पण तिची मापे पाहा. चाक २८ इंची, टायर दीड इंच रुंद, म्हणजे जवळजवळ ३८ मिलिमीटर. आज ग्रॅव्हल बाइकवर साधारण याच रुंदीचे किंवा थोडे जाड टायर बसवतात. पुढचा काटा बराच तिरपा, दोन चाकांमधले अंतर लांब, हँडल रुंद आणि मागे वळलेले. खडबडीत रस्त्यावर पुढचे चाक उगाच इकडेतिकडे वळू नये, खड्डा आला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ नये, यासाठी केलेली ही रचना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये आणि वसाहतींत डांबरी रस्ते थोडे होते, त्या काळातली ही सायकल आहे. तिचा खरा दोष वजनात आणि ब्रेकमध्ये आहे. वीस किलोच्या आसपास भार, गिअर नाहीत, आणि पावसात ओल्या रिमवर दांड्याचे ब्रेक जवळपास निकामी. चढावर उतरून ढकलावी लागते. हे दोष मान्य करूनही म्हणावे लागते की मुरमाच्या रस्त्यासाठी तिच्यापेक्षा योग्य सायकल गावात कुणी आणून दिली नसती.

त्याहून महत्त्वाचे आहे ते मुलांचे शिकणे. या सायकलीच्या मधल्या दांड्यावरून दहा वर्षांच्या मुलाचा पाय पलीकडे जात नाही, मग ते कैची मारते. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्या काखेत सीट दाबायची, उजवा पाय फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर टाकायचा आणि अर्धे-अर्धे पायडल मारत निघायचे. अंग सायकलीच्या डाव्या बाजूला, म्हणून सायकल उजवीकडे झुकवून तोल साधावा लागतो. आजच्या माउंटन बाइकिंगच्या प्रशिक्षकाला विचारा, नवशिक्याला सगळ्यात जड जाणारा धडा कोणता. तो सांगेल, सायकलीचा कल आणि शरीराचा कल वेगळा ठेवणे. सायकल एका बाजूला झुकली तरी अंग तिच्याबरोबर झुकू न देणे, हे खडीच्या वळणावर घसरण्यापासून वाचवते. त्यासाठी शिबिरात तासन्‌तास सराव घेतात. कैची मारणाऱ्या पोराने तो धडा पहिल्याच दिवशी, दुसरा इलाज नसल्याने, गिरवलेला असतो. दुसरा धडा नजरेचा. चाकोरीत पुढचे चाक अडकले की आपटायचेच, म्हणून चाकाकडे न पाहता दहा-पंधरा हात पुढे पाहायचे. तिसरा वजनाचा. कॅरिअरवर धानाचे पोते असले की पाळीवरून उतरताना मागून ढकल बसते. तिथे ब्रेक एकदम दाबला तर चाक सरकते, म्हणून हळूहळू दाबत, अंग मागे नेत उतरावे लागते. यातले काहीच कुणी शिकवलेले नाही. थोरल्या भावाचे पाहून, शेजाऱ्याची सायकल मागून, दुकानातून तासावर भाड्याने घेऊन आणि गुडघे फोडून घेऊन ते आले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गरजेपोटी सायकल चालवणाऱ्या माणसाला खेळाडू म्हणणे म्हणजे गरिबीला गोंडस करणे. ज्याला बस नव्हती, मोटारसायकल परवडत नव्हती, त्याच्या कष्टाला आता क्रीडापरंपरा म्हणून मिरवायचे का? आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण हा खेळ जिथे जन्मला तिथली हकीकत पाहिली की रेषा कुठे ओढायची ते कळते. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, माउंट तमालपाइस या डोंगराच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन उतार उतरू लागले. त्या सायकली १९३०-४० च्या दशकातल्या, भंगारात निघालेल्या साध्या वापराच्या होत्या. ज्या वाटांवर ते उतरत, त्या वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली ‘रिपॅक’ शर्यत लावली. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले वंगण जळून जाई आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर यांनी खास सायकली बनवल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. म्हणजे सुरुवातीला तिथेही दोनच गोष्टी होत्या, वणव्यासाठीची वाट आणि जुनी जड सायकल. नवेगावच्या जंगलात जाळरेषा होती आणि गावात ॲटलास होती. मॅरिनच्या तरुणांकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे रिकामा वेळ, आणि तो वेळ वाया घालवल्याबद्दल कुणाच्या घरची चूल अडत नव्हती. नवेगावचा सायकलस्वार खेळाडू होता असे मी म्हणत नाही. कसब दोन्हीकडे होते, फुरसत एकीकडे होती, आणि खेळ फुरसतीतून उभा राहिला, एवढाच माझा दावा आहे. कष्टाला गोंडस करण्याचा धोका कष्ट लपवण्यात असतो. इथे ते मोजूनच मुद्दा उभा राहतो.

आता शिबिराकडे वळू, कारण शिबिर हीदेखील इतिहासात घडलेली वस्तू आहे. बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला तळ ठोकला आणि स्काउटिंग जगभर गेले. महाराष्ट्रात त्याला आपल्या मातीतली जोड मिळाली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. शाळामास्तरांना आणि तरुणांना सुट्टीत बोलावून शारीरिक शिक्षण देणारे उन्हाळी वर्ग त्याने चालवले आणि त्यांचा लौकिक विदर्भाबाहेर पसरला. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शिबिराला समाजशिक्षणाचे साधन केले. झाडीपट्टीच्या अगदी कुशीत, चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातल्या सोमनाथला, बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती दरवर्षी मे महिन्याच्या मध्याला भरते. पहाटे उठून नांगर-कुदळीचे काम, ऊन चढले की व्याख्याने, संध्याकाळी गाणी. याच छावणीच्या वातावरणात वाढलेल्या विचारातून डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ अभियान निघाले. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हते, ते गाडीत झोपून होते आणि शंभरावर तरुण-तरुणी त्यांच्यासोबत सायकलीने काश्मीरकडे गेल्या. तीन वर्षांनी दुसरे अभियान अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्याकडे गेले. शिबिर आणि सायकल यांची गाठ विदर्भात पडली ती अशी, आणि माझ्या मते मराठी तरुणांच्या सायकलप्रवासाच्या इतिहासात या दोन अभियानांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. अलीकडे नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि विदर्भात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वारे जोरात वाहू लागले. पण यातली प्रत्येक गोष्ट ज्याला सुट्टी आहे त्याच्यासाठी आहे, मग तो मास्तर असो, कॉलेजचा विद्यार्थी असो की नोकरदार. सोमनाथला येणारी मुलेही बहुतांशी ज्यांना मे महिना मोकळा आहे अशा घरांतली.

नवेगावचा उन्हाळा कसा जातो ते पाहिले की ही सुट्टी कुठे अडली ते दिसते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटेच्या काळोखात झाडाखाली जाऊन फुले वेचायची, कारण दिवस वर आला की गुरे आणि वन्यप्राणी ती खाऊन टाकतात. ते आटोपते न आटोपते तोच मे महिन्यात तेंदूपत्ता. गोंदिया हे बिडीचे जुने केंद्र आणि १९६९ पासून तेंदूपत्त्याचा व्यापार राज्याने कायद्याने आपल्या नियंत्रणात घेतलेला. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. घरातली माणसे उजाडण्याआधी जंगलात जातात, ऊन चटकायच्या आत भारे घेऊन परततात, आणि मग सगळे घर ओसरीत बसून पुडे बांधते. एका पुड्यात ७० पाने, पानांची देठे एका बाजूला, वर दोरीचा फास. संध्याकाळी ते पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. फळीवर जाण्याच्या घाईत सायकलीचा उपयोग सगळ्यात जास्त, आणि पुडे बांधायला मुलांची बोटे सगळ्यात चपळ. वर्षातून एकदा हातात रोख पैसा येतो तो याच दिवसांत. त्यातून बियाणे घ्यायचे, उधारी फेडायची, शाळेची पुस्तके घ्यायची. ज्यांना जंगलात जाणे जमत नाही ते रोजगार हमीच्या मुरमावर. शाळेला सुट्टी असते, विदर्भात ती उन्हामुळे राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरापर्यंत चालते, पण या घरांत सुट्टी म्हणजे कामाला जास्तीचे हात. शहरी पंचांगातला उन्हाळा आणि तलावाकाठचा उन्हाळा हे दोन वेगळे ऋतू आहेत. शिबिर पहिल्याच्या मापाने बेतलेले आहे, म्हणून दुसऱ्यात ते बसले नाही. याला मागासपणा म्हणणे म्हणजे कामाच्या हंगामाला आळस म्हणण्यासारखे आहे.

कुणी म्हणेल, कारण इतके लांबून कशाला शोधायचे. गोंदियाचे ऊनच पुरेसे आहे. पारा ४५ अंशांकडे झुकतो, नवतपाचे नऊ दिवस तर घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तिथे मुलांना सायकलीवर कोण बसवील? ऊन खरे आहे, पण तेवढ्याने इतिहासाचा उलगडा होत नाही. सोमनाथची छावणी अशाच उन्हात, अशाच मुलखात, अनेक दशके भरते आहे. तिथे दिवसाची वाटणी उन्हाप्रमाणे केली, आणि ती वाटणी तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या वाटणीसारखीच आहे: पहाट कामाची, दुपार सावलीची. उन्हावर उपाय सापडतो. कामात गुंतलेल्या हातांवर सापडत नाही. दुसरा आक्षेप जंगलाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. जिथे वाघ वाढावा म्हणून एवढे प्रयत्न चालले आहेत तिथे मुलांचे सायकल तांडे कशाला? उद्यानाच्या गाभ्यात ते जाता कामा नयेत, यात मला तिळमात्र शंका नाही. मोह आणि तेंदूच्या दिवसांत जंगलात वाकून काम करणाऱ्या माणसांवर वाघ-अस्वलांचे हल्ले होतात, हे पूर्व विदर्भ दरवर्षी भोगतो. पण जाळरेषेवर उद्यानाची बंदी आली म्हणून वाटा संपत नाहीत. पाळी, पांदणी, इटियाडोहच्या कालव्याकाठचे रस्ते, प्रतापगडाकडे जाणारी वाट, तिबेटी वसाहतीच्या गोठणगावकडचा भाग, हे सगळे माणसाच्या वावरातले आहे. शिवाय इथे शिकवण्याची एक परंपरा आहे जिचा विसर पडू नये. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काम करताना नवेगावात पक्ष्यांचा अभ्यास केला, डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य तिथे उभे राहिले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती आले. त्यांना जंगल दाखवणाऱ्यांत गावचे माधवराव पाटील डोंगरवार होते, जुने शिकारी आणि पुढे निसर्गाचे जाणकार. पदवी घेतलेला अधिकारी गावच्या माणसाकडून शिकला, हे या गावात एकदा घडून गेले आहे. सायकलीच्या बाबतीत ते घडले नाही, एवढेच.

झाडीपट्टीला फुरसत मुळीच नव्हती असे मात्र समजू नये. ती होती, पण तिचा महिना वेगळा होता. धान कापून चुरणे झाले, बांध्या रिकाम्या झाल्या की हा मुलूख मोकळा श्वास घेतो. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री नाटक. पूर्वी दंडार, नंतर वडसा म्हणजे देसाईगंजच्या मंडळ्यांची, पडदे-नेपथ्याची, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपणारी नाटके. ती पाहायला माणसे पाच-सात कोसांवरून बैलगाडीने आणि सायकलीने जात. थंडीच्या रात्री, अंगावर घोंगडी, पुढच्या दांड्यावर धाकटा भाऊ, कॅरिअरवर बायको किंवा मित्र, खाली चाकोरीची पांदण आणि उजेड चांदण्याचा किंवा टायरला घासून चालणाऱ्या डायनॅमोचा. ज्यात पोटापाण्याचा काही संबंध नाही, केवळ आनंदासाठी कच्च्या वाटेवरून रात्रीचा लांब पल्ला मारायचा, अशी ही सायकलस्वारी होती. आजच्या भाषेत तिला नाइट राइड म्हणतील. गरजेच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला दिसत नाही. फुरसत मिळाली तेव्हा या माणसांनी सायकल काढली. ती मिळाली पौष-माघात, वैशाखात नाही. म्हणूनच नवेगावला मुलांचे सायकल शिबिर भरवायचे ठरले तर शहरातला मे महिना उचलून तिथे ठेवणे मला चुकीचे वाटते. त्यात येतील ती बाहेरची मुले, आणि गावची मुले शिबिरासाठी पाणी भरतील नाहीतर लांबून पाहतील. मंडईपासून होळीपर्यंतचा काळ घेतला, कापणीनंतर टणक झालेल्या पांदणी घेतल्या, तर पृष्ठभागही उत्तम मिळतो आणि मुलेही मिळतात. कैची शिकलेली पिढी आता साठीच्या घरात आहे, तिला प्रशिक्षक म्हणून बोलावता येते.

शेवटी सायकल आज कुणाच्या हातात आहे तेही पाहायला हवे. १९९० नंतर रेंजरसारख्या सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली खेड्यांत आल्या आणि पोरांना त्यांचे वेड लागले. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोटारसायकल स्वस्त हप्त्यांवर मिळू लागली, प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने २००० नंतर मोठ्या वाटांवर डांबर घातले, आणि कर्ते पुरुष सायकलीवरून उतरले. मुन्शी, दूधवाला, मास्तर सगळे मोटारसायकलवर गेले. सायकल उरली ती प्रामुख्याने शाळेला जाणाऱ्या मुलींकडे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून, शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आता मुरमाच्या रस्त्यावरून रोज दोन वेळा सायकल चालवणारी व्यक्ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे, आणि कैचीचा, पोत्याचा, नाटकाच्या रात्रीचा सगळा वारसा अखेर तिच्या हाती आला आहे. तिच्या सायकलीला मधला दांडा नाही, त्यामुळे तिला कैची मारावी लागत नाही. पण तिच्या वाटेतली पांदण तीच आहे. तिला सायकल मिळाली, शिकवणे मिळाले नाही. शहरातल्या शिबिरांचा आराखडा करणारे लोक हिमालयाच्या खिंडींचा विचार करतात, तेव्हा रोज मुरमावर सराव करणारी ही मुलगी त्यांच्या यादीत नसते. तिला महागडी सायकल नको आहे. घासलेले ब्रेकचे रबर बदलणे, ट्यूबला ठिगळ लावणे, मुरमावर हवा थोडी कमी ठेवणे, पावसाने कापलेल्या उतारावर अंग मागे नेऊन हळूहळू ब्रेक दाबणे, एवढे शिकवायला मंडईनंतरचा एक पंधरवडा, शाळेचे मैदान आणि तलावाची पाळ पुरते.